हेब्बाळच्या आत की बाहेर?

विमानातून उतरलो की गावात पोचलो, ही पुणेकरांची जुनी सवय आहे. लोहगाव ते कोथरूड जायला तास-सव्वा तास मोडला तरी तो पुण्याच्याच रस्त्यांवर मोडतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाचंही तसंच. विलेपार्ले-अंधेरीच्या वस्तीतच विमानं उतरतात, आणि विमानतळाबाहेर पहिला सिग्नल लागतो तोच मुंबईचा. त्यामुळे परगावी एका रात्रीचं काम निघालं की आपण आधी तिकीट काढतो, आणि हॉटेलचं मग बघू म्हणतो.

बंगळूरला जायचं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी रात्र कुठे काढायची ते ठरवायचं, मग विमानाची वेळ.

२००८ पर्यंत तिथेही पुण्यासारखंच होतं. एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा जुना विमानतळ शहरातच, दोमलूर-इंदिरानगरच्या शेजारी. त्या वर्षीच्या मे महिन्यात देवनहळ्ळीजवळचा नवा विमानतळ सुरू झाला आणि जुन्यावरची नेहमीची प्रवासी विमानं बंद झाली. दोनच महिने आधी, मार्चमध्ये, हैदराबादनेही बेगमपेट सोडून शमशाबादला बस्तान हलवलं होतं. गावातल्या विमानतळाला हातपाय पसरायला जागा उरली नव्हती, हे खरंच. आज देवनहळ्ळीला प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या आहेत. एवढी सलग जमीन दोमलूरला कुठून येणार? शिवाय करारातच अट होती की म्हैसूर आणि हासन सोडून १५० किलोमीटरच्या आत २५ वर्षं दुसरा विमानतळ व्हायचा नाही. म्हणजे एवढ्या अवाढव्य शहराची सगळी विमानं उत्तरेच्या एका टोकाला, आणि शहराच्या मध्यापासून तिथवर सुमारे ३५ किलोमीटरचा बळ्ळारी रस्ता.

या रस्त्यावर हेब्बाळ नावाची जागा आहे. एका बाजूला तळं, दुसरीकडून येऊन मिळणारा बाह्य वळण रस्ता, वर उड्डाणपूल, आणि आता मेट्रोचं काम. विमानतळाकडून येताना हेब्बाळपर्यंत गाडी विनातक्रार धावते. तिथे पोचली की ती शहराच्या ताब्यात जाते. मी बंगळूरच्या नकाशात अंतरं बघणं कधीच सोडून दिलं. हॉटेल हेब्बाळच्या आत आहे की बाहेर, एवढं एकच बघते. येलहंका, जक्कूर, देवनहळ्ळी ही सगळी बाहेरची. मल्लेश्वरम, गांधीनगर, बसवनगुडी, एम. जी. रोड आतली.

मी ज्या कंपनीत काम करते तिचे तिथले दोन ग्राहक या हिशोबाने अगदी दोन बाजूंना आहेत. एक शहरात, यशवंतपूरच्या अंगाला. दुसरा देवनहळ्ळीच्या एरोस्पेस पार्कात. कामं दोन्हीकडची एकाच दिवसाची असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी पोचायचं, रात्र काढायची, दिवसभर काम करून परतायचं. ऑफिसातल्या सगळ्यांचा सल्ला ठरलेला. एक रात्र तर आहे, कशाला गावात शिरतेस, विमानतळाजवळच टाक.

मला हे कधीच पटलेलं नाही. एकच रात्र आहे, म्हणूनच गावात जायचं. चार दिवसांची सवड असेल तर पहिली रात्र कुठेही काढा, पुढचे तीन दिवस गाव तुमचंच आहे. एका रात्रीच्या फेरीत दिवस कामाचा असतो. तो एसी खोलीत, पडद्यावरच्या तक्त्यांसमोर जातो, आणि ती खोली बंगळूरची काय नि नागपूरची काय. आपले म्हणता येतील असे दोनच तुकडे हाती उरतात: आल्या दिवसाची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ. ते दोन्ही आपण जिथे झोपतो तिथेच घालवतो. त्यामुळे खोली निवडताना आपण पलंग निवडत नसतो. संध्याकाळी जिन्याखाली उतरल्यावर पाय कुठे पडणार, हे निवडत असतो.

मल्लेश्वरमला पाय आठव्या क्रॉसवर पडतात. १८९८ च्या प्लेगनंतर गजबजलेल्या पेठांतून लोकांना मोकळ्या हवेत हलवण्यासाठी आखलेली ही वस्ती. मोजून मापून काढलेले रस्ते: आडवे ते क्रॉस आणि उभे ते मेन. त्यामुळे परक्या माणसालाही पत्ता विचारत बसावं लागत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला आठव्या क्रॉसच्या दोन्ही कडांना फुलवाल्या बसतात. टोपल्यांत गजऱ्याच्या गुंडाळ्या: मोगरा, काकडा, शेवंती आणि अबोली. अबोली एवढ्या ढिगाने मी कोकणाबाहेर कुठे पाहिली नाही. गिऱ्हाईक आलं की बाई गुंडाळीचं टोक मधल्या बोटाच्या टोकाशी धरते, कोपरापर्यंत ओढते, पुन्हा बोटाशी आणते. झाले दोन हात. मग अर्धी वीत माळ वर सोडते, दोरा दाताने तोडते, आणि केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून देते. त्या अर्ध्या वितीवर तिची गिऱ्हाइकं टिकून आहेत. बाजूची बाई हातभर काटेकोर मोजत होती आणि तिच्याकडे गर्दी कमी होती, हे मी उभी राहून पाहिलं आहे.

तिथून वर चालत गेलं की काडु मल्लेश्वराचं देऊळ लागतं. वस्तीला नाव या देवावरून मिळालं. मराठी माणसाने इथे थोडं थांबावं, कारण या देवळाचा आणि आपला संबंध पर्यटनाच्या पलीकडचा आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या वंशजाकडून ते घेतलं आणि ते जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आलं. शहाजीराजांचा कर्नाटकातला कारभार इथून चालला. त्यांच्यानंतर व्यंकोजीराजे आले, आणि त्यांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना देऊन टाकलं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं हे भोसल्यांचं गाव होतं. शाळेत आपण शहाजीराजांना पुणे-सुपे जहागिरीत ठेवतो, आणि कर्नाटकातली त्यांची एवढी वर्षं एका वाक्यात उरकतो. मला याचं फार वाईट वाटतं. पुण्याहून दीड तासाच्या उड्डाणावर त्यांच्या मुलाने इनाम दिलेल्या देवाला आजही संध्याकाळची आरती होते, आणि आपण मात्र विमानतळाजवळ खोली घेऊन दुसऱ्या दिवशी परत येतो.

सकाळचं सांगायचं तर सांकी तळ्याला एक फेरी. १८८२ चं हे तळं, रिचर्ड सांकी या ब्रिटिश इंजिनिअर अधिकाऱ्याने बांधलेलं. मग पंधराव्या क्रॉसजवळ वीणा स्टोअर्समध्ये इडली. बसायला जागा नाही. फुटपाथवर, झाडाखाली, बंद दुकानाच्या पायरीवर उभं राहून खायचं. चटणी पातळ असते आणि इडलीवरच ओततात. बाजूला आयटीतला मुलगा, देवळातून आलेले आजोबा, शाळेचा डबा भरून घ्यायला आलेली आई. दोघांत एक कॉफी हवी असेल तर ‘बाय-टू’ म्हणायचं, दोन लहान पेल्यांत विभागून मिळते. मी एकटी असले तरी एखादी आजी विचारते, ‘बाय-टू?’ तिला अख्खी सोसत नाही, आणि मलाही दुसरी अर्धीच हवी असते. पाच मिनिटांची ओळख होते. पुढे दिवसभर मीटिंगमध्ये बसले तरी आपण बंगळूरला येऊन गेलो हे शरीराला ठाऊक असतं.

आता वेळेचं बोलते, कारण माणसं घाबरतात ती वेळेलाच, आणि माझ्या मते नेमकी चुकीच्या वेळेला घाबरतात.

पहाटेचं विमान म्हटलं की सगळे विमानतळाजवळची खोली धरतात. समजा विमान सकाळी सहाचं आहे. देशांतर्गत उड्डाणाला बॅगा घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. म्हणून साडेचारला पोचायचं धरू. मल्लेश्वरमहून साडेतीनला निघालं तर पुरतं, कारण त्या वेळी हेब्बाळचा पूल मोकळा असतो आणि गाडी पाऊण तासात पोचते. देवनहळ्ळीच्या हॉटेलातूनही चार-सव्वाचारला निघावंच लागतं. झोपेत फरक पडला तो फार तर पाऊण तासाचा, आणि त्या पाऊण तासासाठी आपण अख्खी संध्याकाळ दिली.

खरा धोका संध्याकाळच्या विमानाचा. रात्री आठचं उड्डाण, पाचला मीटिंग संपते, आणि साडेपाचला हेब्बाळ. तिथे कितीही पैसे मोजले तरी सुटका नाही. पण गंमत अशी की त्या विमानासाठी कुणी विमानतळाजवळ खोली घेत नाही, कारण त्या रात्री आपण घरीच झोपणार असतो. म्हणजे खोली घेऊन जो त्रास टाळतो असं वाटतं तो त्रास मुळात नसतोच, आणि जो असतो त्यावर खोली हा उपाय नव्हे. त्यावर उपाय एकच. मीटिंग सकाळी ठेवायची, दुपारी दोनला निघायचं, आणि काम राहिलंच तर ते टर्मिनलमध्ये बसून करायचं. नव्या टर्मिनलमध्ये छताला बांबूच्या पट्ट्या आहेत आणि वरून वेली सोडल्या आहेत. तिथे दोन तास बसायला मला तरी जड जात नाही.

पहाटे साडेतीनला एकट्या बाईने टॅक्सीने जायचं का, हा प्रश्न माझ्या आईपासून सगळ्या विचारतात, आणि तो योग्यच आहे. माझं उत्तर: येताना बस, आणि पहाटे जाताना माहितीतला ड्रायव्हर. बीएमटीसी या बंगळूरच्या शहर बससेवेच्या ‘वायु वज्र’ वातानुकूलित बस विमानतळापासून शहराच्या बहुतेक कोपऱ्यांत जातात आणि मुख्य मार्गावर रात्रभर चालतात. केआयए-९ मॅजेस्टिकच्या बसस्थानकाला जाते, केआयए-८ इलेक्ट्रॉनिक सिटीला. दिवे लावलेली, माणसांनी भरलेली, कंडक्टर असलेली गाडी. येताना मी मेख्री सर्कलला उतरते आणि तिथून रिक्षाने मल्लेश्वरम गाठते. पहाटे जाताना हॉटेलच्याच माहितीतला ड्रायव्हर सांगून ठेवते, तेही आदल्या रात्री त्याच्याशी स्वतः बोलून. टॅक्सीच्या तुलनेत बसचं भाडं कितीतरी कमी आहे. पण मला बस आवडते ती त्यातल्या माणसांमुळे. खाणावळीचे डबे, मोठमोठ्या बॅगा, दुबईहून सुट्टीवर आलेला मुलगा, त्याला न्यायला आलेले वडील. गावात शिरण्याची ती रीत आहे.

‘विमानतळाजवळ’ या शब्दावर कितपत विश्वास ठेवायचा, हेही सांगायला हवं. एकदा त्या भागात मला खोली हवी होती. संकेतस्थळावर एका हॉटेलचं अंतर विमानतळापासून तीन किलोमीटर दाखवलं होतं. ते सरळ रेषेतलं. हॉटेल होतं धावपट्टीच्या पलीकडे. चार किलोमीटरची धावपट्टी म्हणजे पूल नसलेली नदी असते. पलीकडचा काठ डोळ्यांना दिसतो, पण जायचं तर अख्खा वळसा घालावा लागतो. रात्री अकराला टॅक्सीने कुंपणाकडेने तो वळसा घातला. सर्व्हिस रोडवर दिवे नाहीत. हॉटेलात पोचले तर स्वयंपाकघर दहाला बंद झालेलं, आणि जवळपास चहाची टपरीसुद्धा नाही. सकाळची त्यांची मोफत गाडी दर तासाला एकच, आणि ती आधी दुसऱ्या हॉटेलातले प्रवासी घ्यायला जाणारी. भाडं शहरातल्या खोलीएवढंच. विमानतळाजवळचा दर आणि गावातला दर शेजारी ठेवून तुलना करणारे खूप भेटतात. खोलीच्या दरात दोन्हीकडची गाडी, रात्रीचं जेवण आणि सकाळचं खाणं मिळवल्याशिवाय तो आकडा खरा होत नाही. गावात जेवायला पायी जाता येतं. विमानतळाजवळ हॉटेलच्या मेन्यूकार्डाशिवाय इलाज नसतो, आणि त्यावर दर कसे लावतात हे सगळ्यांना माहीत आहे.

तरीही एक रात्र मी हेब्बाळच्या बाहेर अगदी आनंदाने काढली, आणि ती आईमुळे.

मामेभावाच्या मुलीचं लग्न मल्लेश्वरमला होतं. मुलगा तिथलाच, कन्नड. नोव्हेंबर महिना. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे जिने आणि उभं राहणं तिला त्रासाचं. लग्नाआधीची रात्र आम्ही कार्यालयाजवळच काढली. सकाळी नऊचा मुहूर्त, अकराला पंगत: केळीच्या पानावर कोशिंबिरींपासून सुरुवात, बिसी बेळे भात, होळिगे, शेवटी दहीभात. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे पाच पंचावन्नचं. आई म्हणाली, ‘मला रात्री अडीचला उठवू नकोस. संध्याकाळी कुठे नेणार आहेस तिकडे आत्ताच ने.’

लग्नघर संध्याकाळी रिसेप्शनच्या गडबडीत असणार होतं. आम्ही दुपारी अडीचलाच निघालो. हेब्बाळ अजून शुद्धीवर होतं, चारच्या आत देवनहळ्ळी आली. आई टॅक्सीत झोपली होती. जाग आली तेव्हा समोर किल्ल्याची भिंत.

विमानतळ झाला म्हणून देवनहळ्ळी नकाशावर आली असं मानणारे बरेच आहेत. १५०१ मध्ये तिथे मातीचा किल्ला होता. आजचा दगडी तट हैदर-टिपूच्या काळातला. टिपूचा जन्म याच गावचा. त्या जागी खांबांची एक छोटी छत्री आणि पाटी आहे. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला घेतला. तटाचे बुरूज अर्धगोल, बसके, वर विटा आणि चुन्यातल्या बंदुकीच्या जंग्या. आत अजून गाव नांदतं. घरांपुढे रांगोळ्या, दोरीवर कपडे, वेणुगोपालस्वामीचं देऊळ, देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर रामायणातले प्रसंग कोरलेले. आई देवळाच्या ओट्यावर बसली आणि मी तटावर एक चक्कर मारून आले. वरून दर काही मिनिटांनी विमान उतरत होतं. खाली एक बाई पत्र्याच्या डब्यात गाईला पाणी पाजत होती आणि मान वर करून बघतही नव्हती.

बाहेर पडताना रस्त्याकडेला हातगाडीवर पपनसं दिसली. देवनहळ्ळीचा चकोता. त्याला भौगोलिक मानांकन आहे. आई कुडाळची. गणपतीच्या माटवीला पपनस बांधल्याशिवाय तिच्या माहेरी चतुर्थी उजाडत नाही. पुण्यात ते एक तर मिळत नाही, किंवा मिळतं ते कडू निघतं. तिने गाडीवाल्याला एक कापून दाखवायला लावलं. फोडीवरचं पांढरं पापुद्रं नखाने सोलून, तांबूस गर जिभेवर ठेवून, डोळे मिटून तिने चव घेतली. मग म्हणाली, ‘आमच्यापेक्षा गोड आहे.’ कुडाळच्या बाईने परक्या गावाच्या फळाला एवढं म्हणावं ही लहान गोष्ट नव्हे. दोन मोठी घेतली. सुरक्षा तपासणीत त्यांनी पिशवी उघडून बघितली. शिपाई मुलगी तिकडचीच असावी. ‘चकोता’ म्हणून हसली आणि पिशवी बंद करून दिली.

त्या रात्री आई नऊला झोपली. पावणेचारला उठलो. खाली स्वागतकक्षात आमच्यासारखे दहा-बारा जण, मानेला उशा, पायांशी बॅगा, आणि प्रत्येकाच्या हातात कागदी खोका: सँडविच, केळं, रसाचा डबा. रात्रपाळीच्या मुलाने आईला न विचारता खुर्ची आणून दिली आणि थर्मासमधलं गरम पाणी पेल्यात ओतून दिलं. दहा मिनिटांत गाडी टर्मिनलच्या दारात, तिथे व्हीलचेअर तयार. शहरातून पाऊण तास टॅक्सीत बसून आली असती तर तिचा गुडघा दिवसभर दुखत राहिला असता. म्हातारं माणूस, लहान मूल, आजारातून उठलेलं कुणी बरोबर असलं की मी सगळे हिशोब बाजूला ठेवते आणि बाहेरच राहते. फक्त दिवसाउजेडी पोचायचं, म्हणजे जिथे उतरलो त्या गावालाही भेटता येतं. रात्री अकराला पोचून पहाटे चारला निघणाऱ्याला देवनहळ्ळी काय कळणार?

मधलीच जागा घ्यावी, येलहंका किंवा जक्कूर, असंही कुणी सुचवतं. कामच तिकडे असेल तर ठीक. एरवी तिथून विमानतळालाही टॅक्सी लागते आणि गावालाही. मला त्यात अर्थ दिसत नाही.

रेल्वे असली की या सगळ्या वादातली हवाच निघून जाते. दिल्लीला २०११ पासून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो आहे. टर्मिनल तीनपासून नवी दिल्ली स्थानकापर्यंत वीसेक मिनिटं, वाटेत शिवाजी स्टेडियमला उतरलं की कॅनॉट प्लेस. तिथे एरोसिटीत एवढी उंची हॉटेलं आहेत, पण कामच त्या भागात असल्याशिवाय राहायचं कारण मला सापडत नाही. बंगळूरच्या विमानतळाकडे जाणाऱ्या मेट्रोच्या निळ्या मार्गाचं काम चालू आहे. तो सुरू झाला की हेब्बाळवरून खाली बघत जाता येईल. त्या दिवसाची मी मनापासून वाट बघते आहे. विमानतळाच्या आवारात १०८ फुटी केंपेगौडा उभे केले, चांगलंच आहे. १५३७ मध्ये ज्याने हे शहर वसवलं त्याच्या गावात त्याच्या पुतळ्यापासून वेळेवर पोचता यावं, एवढंच मागणं आहे.

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. जानेवारी २०२३ मध्ये पेडण्यातला मोपा विमानतळ सुरू झाला, आणि गोव्याला दोन विमानतळ झाले. स्वस्त तिकीट बघून मोपाचं विमान घेतात, खोली मडगावला असते, आणि उतरल्यावर कळतं की अख्खा गोवा उभा ओलांडायचा आहे. मडगाव-वास्कोकडे जाणाऱ्याने दाबोळीचं विमान बघावं, दोन-चारशे रुपये जास्त पडले तरी. उलट सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याला जाणाऱ्याला मोपा अगदी घराजवळ. त्यांनी पणजीत रात्र काढायचं काही कारण नाही, सरळ घरी जेवायला जावं. आईचा कुडाळचा भाऊ आता पुण्याला तसाच येतो, आणि दाबोळीच्या दिवसांची आठवण काढून मोपा करणाऱ्यांना दुवा देतो.

माझी पुढची फेरी देवनहळ्ळीच्या ग्राहकाकडे आहे. काम सकाळी साडेनऊचं, पार्कातच. ऑफिसने न विचारता तिकडची खोली धरली होती. मी फोन करून ती बदलायला लावली. आदल्या दिवशी दुपारचं विमान, चारला उतरणार, केआयए-९ पकडून मेख्री सर्कल, आणि रात्र मल्लेश्वरमला. सकाळी साडेसातला निघाले की गर्दी समोरून शहराकडे येणारी असते. माझी बाजू मोकळी. तासाभरात पार्कात पोचेन. प्रवास विभागातल्या मुलाने दोनदा विचारलं, ‘मॅडम, नक्की? काम तर विमानतळाशेजारी आहे.’ मी त्याला सांगितलं, नक्की, आणि शक्य असेल तर आठव्या क्रॉसच्या बाजूची खोली बघ.